बनशंकरीची ओटी भरली, आणि बाकीचं

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. न.

परवा रात्री अकरा वाजता आमच्या कर्नाटक सहलीची बस स्वारगेटला पोचली. कालचा अख्खा दिवस मी घरात एकटी होते, कुणाशी चकार शब्द बोलले नाही. आज डोकं ताळ्यावर आलंय, म्हणून लिहायला बसले.

आधी देवीचं. आई, बदामीजवळच्या बनशंकरीची ओटी तू सांगितलीस तशीच भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि तू पुडीत बांधून दिलेले अकरा रुपये. बाबांच्या गुडघ्यामुळे तुमचं दोघांचं जाणं राहिलं आणि तुमच्या जागी मी आले, हे देवीला मनातल्या मनात सांगितलं. देवळासमोरच्या तळ्याच्या कडेला दगडी खांबांच्या लांबच लांब ओवऱ्या आहेत, तिथे डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका जेवण विकायला बसतात. कडक ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, मडक्यातलं दही. एका बाईने माझ्या हातावर भाकरी ठेवली आणि कानडीत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, मी हसले, तीही हसली. सगळ्या आठवड्यातलं ते माझं सगळ्यात सुखाचं जेवण. कुंकू वेगळं पाठवते आहे.

आता बाकीचं, जे फोनवर सांगता येत नाही. फोनवर तुम्ही विचारता, 'मजा आली का?' मी म्हणते, 'हो, आली.' मजा आली हे खरंच आहे, पण ती कशी आली आणि कुठे नाही आली, तेही तुम्हाला कळायला हवं.

सहलीत आम्ही ३२ जण होतो. रोजचा शिरस्ता ६-७-८ चा: सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस. बसमध्ये सीट रोटेशन, म्हणजे रोज नवा शेजारी. त्यात वाईट काही नाही, सगळ्यांना खिडकी मिळावी म्हणून ते करतात. पण मी रोज सकाळी नव्याने सांगायचे की मी कुठली, काय करते, लग्न का नाही केलं. माणसं प्रेमळ होती, हे मला आवर्जून लिहायचंय. साताऱ्याच्या एका जोडप्याने सात दिवस मला चिवडा आणि लाडू पुरवले. तरी दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या कानांत जणू पाणी भरायचं. समोरचा बोलतोय हे दिसायचं, शब्द आत उतरायचे नाहीत. रात्री खोलीवर आले की मी दहा मिनिटं बाथरूमचा नळ सोडून नुसती उभी राहायचे.

बाबा, तुम्ही 'अंतर्मुख' हा शब्द लाजाळू या अर्थाने वापरता. युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ मध्ये तो मांडला, तेव्हा त्याचा रोख लाजेवर नव्हता. मनाची ओढ बाहेरच्या जगाकडे आहे की आतल्या, एवढंच त्याला सांगायचं होतं. मला माणसांची भीती वाटत नाही. मला एका वेळी एक माणूस हवं असतं.

हे मला विजापुरात, गोलघुमटावर, फार स्पष्ट जाणवलं. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ ची. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातला जिना चढून वर गेलं की घुमटाच्या आतल्या बाजूने गोल सज्जा आहे. एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं तर समोर, सुमारे ३८ मीटरवर, स्वच्छ ऐकू येतं. पण आमच्या आधी दोन सहली वर पोचल्या होत्या. पोरं शिट्ट्या मारत होती, मोठी माणसं टाळ्या वाजवून घुमणं मोजत होती, आणि सगळ्याचा मिळून नुसता गडगडाट होत होता. आमचा ग्रुप खाली उतरला तरी मी थांबले. माझी रूम पार्टनर, मिरजेच्या निवृत्त शिक्षिका, त्याही थांबल्या. त्यांना आम्ही सगळे काकूच म्हणायचो. हळूहळू वर शांतता झाली. काकू पलीकडे जाऊन भिंतीशी टेकल्या, मी इकडे कान लावला. भिंतीतून आवाज आला, 'झोप झाली का गं रात्री? मी घोरते ना!' एवढंच. पण तेवढ्या मोठ्या घुमटाखाली ते फक्त मला ऐकू आलं होतं. माझे डोळे भरून आले.

चौथ्या दिवशी बसमध्ये अंताक्षरी चालू होती. मी डोळे मिटून बसले होते. मागून कुणीतरी म्हणालं, 'ताईंना आपली कंपनी आवडत नाही वाटतं.' सगळे हसले. माझ्या ते जिव्हारी लागलं. मला त्यांची गाणी ऐकायला आवडत होती हो. मी मिटल्या डोळ्यांनी प्रत्येक गाणं ऐकत होते.

त्याच दिवशी ऐहोळे होतं. बाबा, तुम्ही सांगितलेला मेगुती देवळाचा शिलालेख मी पाहिला. बाकीचे खाली दुर्ग मंदिरापाशी फोटो काढत होते, टूर मॅनेजरने मला पाऊण तास दिला. टेकडीवर मी, वारा आणि एक पहारेकरी. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर रविकीर्ती कवीचा तो लेख, इ. स. ६३४ चा. तुम्ही आम्हाला जेवताना सांगायचात ना, चालुक्य राजा पुलकेशीने उत्तरेच्या हर्षाला अडवलं, आणि पुलकेशीच्या राज्यातली तीन महाराष्ट्रकं, ९९ हजार गावं? ते सगळं त्या ओळींत आहे. मला लिपी वाचता येत नाही, पण मी बराच वेळ त्या दगडासमोर उभी राहिले आणि तुमचा आवाज आठवत राहिले. खाली आले तेव्हा इतकी ताजीतवानी झाले होते, की जेवणाच्या टेबलावर साताऱ्याच्या काकांनी 'वर काय होतं?' विचारलं आणि मी वीस मिनिटं बोलले. दोन टेबलं ऐकत होती. मला पाऊण तास एकटीला मिळाला म्हणून ती वीस मिनिटं मी त्यांना देऊ शकले.

आई, आता तुझ्याशी. पाचव्या दिवशी हंपीत काकूंनी मला सांगितलं की तू टूर मॅनेजरला फोन केला होतास. ग्रुपवरच्या फोटोंत मी दिसत नाही म्हणून. 'आमची मुलगी जरा अबोल आहे, शिष्ट नाही, सांभाळून घ्या' असं म्हणालीस. तुझी काळजी मला कळते. पण आई, माझ्या वतीने माफी मागू नकोस गं. मी सात वर्षांची असताना पाहुण्यांसमोर तू हेच म्हणायचीस, 'आमची बोलत नाही फार', आणि तुझा चेहरा ओशाळा व्हायचा. मी पडद्याआडून तो बघायचे. माझ्यामुळे आईला खाली बघावं लागतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत आलंय. आज मी ३९ वर्षांची आहे आणि ते अजून दुखतं. रागावून लिहीत नाहीये. फक्त पुढच्या वेळी कुणी विचारलं तर म्हण, 'ती अशीच आहे', आणि चहा टाक.

त्याच संध्याकाळी हेमकूट टेकडीवर काकू आणि मी बसलो होतो. खाली विरूपाक्षाचं गोपूर, पलीकडे केळीच्या बागा. बाकीचे नदीवर गोल टोपलीसारख्या होडीत फिरायला गेले होते. दीड तासात आम्ही फार तर दहा वाक्यं बोललो. काकू म्हणाल्या, 'हे गेल्यापासून घरात शांतता आहे, पण ती अशी नाही.' नंतर त्या काही बोलल्या नाहीत, मीही काही विचारलं नाही. उठताना त्यांनी माझा हात धरला तो हॉटेलपर्यंत सोडला नाही. त्यांचा नंबर घेतलाय. मी कुणाचा नंबर आपणहून घेतला, हे वाचून तुला बरं वाटेल.

विठ्ठल मंदिरात सगळे दगडी रथासमोर रांगेत उभे होते. मी आत गेले. बाबा, गाभारा रिकामाच आहे. विठोबाला विजयनगरला नेलं आणि नाथांचे पणजोबा भानुदास त्याला पंढरीला परत घेऊन आले, ही तुमची आवडती कथा. गाभाऱ्याभोवती खालच्या अंगाने अंधारा प्रदक्षिणामार्ग आहे. हाताने भिंत चाचपत मी दोनदा फिरले. दगड गार होता.

एक शेवटचं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सामान मोजायचं काम मी मागून घेतलं होतं. ५८ डाग. सगळे चहापाशी गप्पा मारत असायचे तेव्हा मी डिकीपाशी हातात यादी घेऊन उभी. कुणाची बॅग राहू द्यायची नाही, कुणाचं औषध खाली जाऊ द्यायचं नाही. सगळ्यांमध्ये असूनही मला निवांतपणा होता. सहाव्या दिवशी मोजता मोजता एकदम तुम्ही डोळ्यांसमोर आलात, बाबा. घरातल्या प्रत्येक लग्नामुंजीत कोठीची किल्ली तुमच्याकडे असायची. मांडवात वाजंत्री, हार, मानपान, आणि तुम्ही आत तांदळाच्या पोत्यांपाशी वही घेऊन. नातेवाईक म्हणायचे, 'दादांना राबायची हौस.' मलाही तसंच वाटायचं. तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत, पण मी मांडवातून पळून कोठीत आले की तुम्ही नारळांचं पोतं सरकवून मला बसायला जागा करायचात.

पुढच्या महिन्यात आत्याच्या नातवाची मुंज आहे. गुडघ्यामुळे तुम्हाला फार उभं राहता येणार नाही, पण किल्ली सोडू नका. मी दोन दिवस आधी येते. कोठीत दोन स्टुलं ठेवा.

तुमची
मनू