एमआयबीजी स्कॅनची खरी तयारी आदल्या आठवड्यातच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रक्तदाब अचानक उसळणे, दरदरून घाम, छातीत धडधड आणि कपाळ फुटेल अशी डोकेदुखी हे सगळे एकत्र येत असेल तर मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत गाठ आहे का, हे पाहावे लागते. या गाठीला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. आधी रक्तातले किंवा 24 तासांच्या लघवीतले मेटानेफ्रिन (ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिन तुटून बनणारी द्रव्ये) तपासतात, मग सीटी किंवा एमआरआय करतात. गाठ आणखी कुठे आहे का, हे शोधायला अनेकदा एमआयबीजी स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेले चित्र, सांगितला जातो. बडोद्यात आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत हा स्कॅन सांगितलेल्या रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी काय जपायचे, यासाठी हे पत्र.

एमआयबीजी म्हणजे मेटा-आयोडोबेन्झिलग्वानिडीन. 1980च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात डोनाल्ड वीलँड आणि विल्यम बायरवॉल्टिस यांच्या गटाने ते घडवले. ग्वानेथिडीन आणि ब्रेटिलियम ही जुनी औषधे सिंपथेटिक नसांच्या, म्हणजे हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवणाऱ्या नसांच्या, टोकांत शिरतात, हे ठाऊक होते. त्याच घडणीच्या रेणूवर त्यांनी किरणोत्सारी आयोडीन बसवले. नॉरॲड्रिनलिन (या नसांचे निरोप पोचवणारे रसायन) ज्या वाहक प्रथिनाच्या दारातून पेशीत जाते त्याच दारातून हे द्रव्यही आत जाते, आणि आतल्या बारीक पिशव्यांत साठून राहते. फिओक्रोमोसायटोमाच्या पेशींत ही दारे भरपूर असतात. हृदयाच्या स्नायूत पसरलेल्या सिंपथेटिक नसांतही असतात. म्हणून 1981मध्ये याच द्रव्याने माणसातल्या या गाठी दिसल्या, आणि त्याच वर्षी हृदयाची चित्रेही छापून आली.

अडचणही या दारातूनच येते. त्याच दाराशी अडकणारी किंवा आतल्या पिशव्या रिकाम्या करणारी औषधे चालू असतील तर गाठ असूनही चित्र कोरे येते. आता या रुग्णाच्या डबीत सहसा काय असते ते पाहा. रक्तदाबासाठी लॅबेटॅलॉल, डोकेदुखीसाठी रात्री अमिट्रिप्टिलीनची 10 मिलिग्रॅमची गोळी, सर्दीसाठी फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी, अंगदुखीसाठी ट्रॅमाडॉल. म्हणजे ज्या तक्रारींमुळे स्कॅन लिहून दिला जातो, त्याच तक्रारींवरची औषधे स्कॅन बिघडवतात. अमिट्रिप्टिलीन तर रुग्ण विसरतोच. “मानसिक आजाराचे काही घेता का?” असे विचारले की तो “नाही” म्हणतो, कारण त्याच्या लेखी ती डोकेदुखीची किंवा मधुमेहातल्या पायांच्या जळजळीची गोळी असते. काही मनोविकाराची औषधे आणि रक्तदाबावरची रेसर्पिन व काही कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर हीही याच यादीत येतात.

लॅबेटॅलॉल किमान 3 दिवस आधी बंद हवे. सर्दीच्या गोळ्यांना 2 दिवस लागतात. अमिट्रिप्टिलीनच्या बाबतीत केंद्रागणिक फरक आहे, 2 दिवसांपासून आठवड्यापर्यंत आणि कधी त्याहून अधिक. पण यातले एकही औषध रुग्णाने आपल्या मनाने सोडू नये, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. या गाठीत रक्तदाबाची गोळी एकदम थांबली तर पक्षाघातापर्यंत मजल जाऊ शकते. फिजिशियन त्याऐवजी प्राझोसिन किंवा फिनॉक्सिबेन्झामीनसारखा अल्फा ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध, सुरू करतात. त्याने स्कॅनला धक्का लागत नाही. बीटा ब्लॉकर (धडधड कमी करणारे औषध) लागलाच तर तो अल्फा ब्लॉकर बसल्यानंतर द्यायचा, क्रम उलटा झाला तर रक्तदाब आणखी चढतो. उलटीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड तर अशा रुग्णाला देऊच नये, त्याने गाठीतून रसायने एकदम सुटू शकतात.

दुसरी गोष्ट थायरॉइडची. द्रव्यातून सुटलेले थोडे किरणोत्सारी आयोडीन थायरॉइड ओढून घेते. ते टाळायला साधे आयोडीन आधीच देऊन ग्रंथी भरून ठेवतात. प्रौढांना रोज सुमारे 130 मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, म्हणजे 100 मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन. त्याऐवजी ल्युगॉलच्या द्रावणाचे थेंबही चालतात. सुरुवात आदल्या दिवशी करायची आणि इंजेक्शननंतरही काही दिवस चालू ठेवायचे. “आमच्या घरी आयोडीनचेच मीठ आहे, मग हे कशाला?” असे बरेच जण विचारतात. दुकानातल्या मिठात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. 100 मिलिग्रॅमसाठी साडेसहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल! थेंब कडवट लागतात, ते दुधातून किंवा रसातून घ्यावेत. आयोडीन सोसत नसेल तर आधीच सांगावे, त्याला पर्याय आहे.

आयोडीन-131चे एमआयबीजी नवी मुंबईत वाशीच्या ब्रिटमधून, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या किरणोत्सार व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडून, मिळते. ते कोरड्या बर्फात गोठवून पाठवतात, कारण स्वतःच्याच किरणांनी हे द्रव्य हळूहळू तुटते आणि मोकळे आयोडीन वाढते. बर्फ वाटेत संपला किंवा कुपी बाहेर पडून राहिली तर पोट आणि थायरॉइड चमकतात, बाकी चित्र धुरकट होते. म्हणून देण्याआधी कागदी क्रोमॅटोग्राफीने (कागदाच्या पट्टीवर घटक वेगळे करून) मोकळे आयोडीन तपासणे ही केंद्राची जबाबदारी आहे, आणि तिला कधीच फाटा देऊ नये.

मात्रा 40 ते 80 मेगाबेकरेल (किरणोत्साराचे माप). इंजेक्शन किमान 5 मिनिटे घेऊन सावकाश द्यायचे, कारण एकदम दिले तर साठलेले नॉरॲड्रिनलिन बाहेर ढकलले जाऊन रक्तदाब उसळतो. देताना आणि दिल्यावर रक्तदाब मोजायचा. चित्रे 24 आणि 48 तासांनी काढतात, त्यामुळे बाहेरगावच्या रुग्णाने एका दिवसात परतायचा बेत करू नये. कॅमेऱ्याखाली झोपण्याआधी लघवी करून यायचे. भरलेले मूत्राशय किंवा मूत्रपिंडात थांबलेली लघवी गाठीसारखी दिसू शकते. उलट, मोठी गाठ आतून सडली असेल तर ती फिकी दिसते. गर्भवतींनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी अपॉइंटमेंट घेतानाच सांगावे.

लाळग्रंथी आणि हृदय निरोगी माणसातही थोडे दिसतातच. दोन्ही दिसेनाशी झाली तर पहिला संशय औषधांवर घ्यावा. हृदय एकटे फिके असेल तर अर्थ वेगळा असू शकतो. रक्तात कॅटेकोलामाइन (ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिनसारखी रसायने) जितके अधिक तितके हृदय फिके, हे 1983मध्ये मिशिगनच्याच गटाने दाखवले.

हृदयावर पुढे बरेच काम झाले, पण त्याला आयोडीन-123 लागते. आयोडीन-131चे किरण 364 केईव्ही (किरणांच्या ऊर्जेचे माप) इतक्या ऊर्जेचे, ते जाड शिशाची जाळी लावून टिपावे लागतात आणि चित्र भरड येते. आयोडीन-123चे 159 केईव्हीचे किरण गॅमा कॅमेऱ्याला हवे तसे असतात. 15 मिनिटांनी आणि 4 तासांनी छातीची चित्रे घेऊन हृदय आणि छातीच्या वरच्या मध्यभागातील चमकेचे गुणोत्तर काढतात. 2010च्या ॲडमायर-एचएफ अभ्यासात हृदय दुर्बल झालेले 961 रुग्ण होते. गुणोत्तर 1.60 किंवा त्याहून जास्त असलेल्यांपैकी 15 टक्क्यांना दोन वर्षांत गंभीर घटना घडली, कमी असलेल्यांपैकी 37 टक्क्यांना. पार्किन्सनमध्येही हृदयाच्या या नसा विझलेल्या दिसतात. मात्र आयोडीन-123चे अर्धायुष्य 13.2 तास. मोठ्या सायक्लोट्रॉनवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर), झेनॉन-124 वायूवर प्रोटॉनचा मारा करून ते बनते, आणि 24 तासांनी त्यातले 28 टक्केच उरते. आयोडीन-131चे अर्धायुष्य 8 दिवस, त्याचे एका दिवसानंतरही 92 टक्के शिल्लक असते. पुरवठ्याच्या या गणितामुळेच आपल्याकडे गाठीचा स्कॅन होतो आणि हृदयाचा क्वचित.

इथेच नावांचा घोळ होतो. हृदयरोगतज्ज्ञ नेहमी लिहितात तो एमआयबीआय, म्हणजे टेक्नेशियमचे सेस्टामिबी. तो स्नायूला रक्त किती पोचते ते दाखवतो, त्याला थायरॉइडचे थेंब लागत नाहीत आणि त्याची पथ्ये वेगळी. एका अक्षराच्या फरकाने चुकीची तयारी होऊन दिवस वाया जातो. चिठ्ठीवर नाव पूर्ण लिहिलेले असावे.

एमआयबीजीने प्रत्येक गाठ दिसते असेही नाही. एसडीएचबी जनुकात दोष असलेल्या कुटुंबांत आणि ॲड्रिनलबाहेर पसरलेल्या गाठींत गॅलियम-68 डोटाटेट पेट स्कॅन (वेगळ्या किरणोत्सारी द्रव्याचा स्कॅन) अधिक दाखवतो. एमआयबीजी कोरा आला आणि मेटानेफ्रिन मात्र वाढलेले असेल, तर शोध तिथेच थांबवू नये.

आमची मागणी छोटी आहे. हा स्कॅन लिहून देणाऱ्या आणि करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी, अपॉइंटमेंट देतानाच, मराठीत आणि गुजरातीत छापलेला एक कागद हातात द्यावा. त्यावर थांबवायच्या औषधांची घटकनावे आणि दिवस असावेत (ब्रँड रोज बदलतात, घटक बदलत नाहीत), शेजारी फिजिशियनच्या सहीची जागा आणि आयोडीन सुरू करायची तारीख. रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या औषधविक्रेत्याला तो कागद दाखवला तर सर्दीची गोळी देताना तोही थांबेल. रुग्णांनी घरातल्या सगळ्या गोळ्या, वेष्टनासह, पिशवीत घालून पहिल्याच भेटीला न्याव्यात.

आपले,
न्यूक्लिअर मेडिसिन क्षेत्रातील काही डॉक्टर व तंत्रज्ञ,
बडोदे