सही करून बसलेय

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. इथलं काम आणखी दोन वर्षं वाढलं आणि सोमवारी मी सही करून मोकळी झाले. आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. दिवाळीला येतेय, तिकीट काढलंय.

बाबा, तुम्हाला तरी पटेल. इथे स्पेनमध्ये, एस्त्रेमादुरात मैलोन् मैल कुरणं, त्यात मोकळे मोकळे उभे ओक, खाली पडलेली फळं खात हिंडणारी काळी डुकरं. त्या ओकांना 'सेका' लागलीय. मुळं कुजतात आणि उभं झाड वाळतं. आपल्या डाळिंबांची मर, तसंच. बुचाचा ओक लावला की पहिली साल काढायलाच पंचवीस-तीस वर्षं, पुढे दर नऊ वर्षांनी. असं झाड वाळताना पाहिलं की तुम्ही बांधावर नुसते बसून राहायचात ते आठवतं. या झाडांचं काम अर्धवट टाकून कशी येऊ? पगारही वाढलाय, हे आपलं सांगायचं म्हणून.

खाण्याची काळजी नको. वर ला वेरा भागात मिरच्या ओकच्या धुरावर दहा-पंधरा दिवस वाळवतात, रोज हाताने उलथून. ती पूड पिठल्यात घातली की थेट आजीच्या चुलीचा वास. मग आई, तुझ्या पदराला हात पुसावेसे वाटतात.

रविवारी तिथल्या युस्तेच्या मठात गेले होते. पाचवा कार्लोस बादशाह राज्य सोडून १५५७ मध्ये इथे राहायला आला. गाऊटने, म्हणजे तुमच्याच सांध्यांच्या दुखण्याने, पाय धरलेले. घोड्यावरून थेट वर जाता यावं म्हणून उतार बांधून घेतला, पण पथ्य? बिअर आणि खारवलेले मासे चालूच! १५५८ मध्ये गेला. गाऊटने नव्हे, मलेरियाने.

बाबा, घाबरवत नाहीये हो. तुमचं तेवढं काही नाही, डॉक्टरही तेच म्हणाले. पण सुकट बंद म्हणजे बंद, आईची नजर चुकवूनसुद्धा नाही. गोळी जेवल्यावर. पलंग खालच्या खोलीत आणा, माडीचं काय अडलंय? दादाला मी सांगितलंय, तो शनिवारी येईल, त्याच्याशी वाद घालू नका. आणि आई, गच्चीवरच्या टाकीचं झाकण अजून फुटकंच आहे ना? पैसे पाठवलेत, नवीन आण. साडीला ठेवू नकोस.

तुमची,
ठमी