पाय आत वळवला होता का?

महोदय,
दोन वर्षांनी आईची हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी पुन्हा केली आणि खुब्याचा आकडा चक्क सुधारलेला! आनंद फार टिकला नाही. तंत्रज्ञ नवे होते, आईचा पाय त्यांनी सरळच ठेवला होता. खुब्यासाठी पाय १५ ते २५ अंश आत वळवून बांधावा लागतो. नाहीतर मांडीच्या हाडाची मान आखूड दिसते, घनता फुगते. टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या घनतेशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिसचे (हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराचे) निदान ठरते, तिथे एवढी चूक औषध बंद करायला पुरते. यंत्रावर लाखो रुपये घालणाऱ्या केंद्रांनी तंत्रज्ञांना रुग्ण झोपवण्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. ३० रुग्णांची दोनदा मोजणी करून प्रत्येक तंत्रज्ञाची स्वतःची मोजणीतली त्रुटी काढावी आणि ती अहवालावर छापावी.
– एक वाचक, सातारा