कपातला लाल उजेड

आदरणीय ताई,

नाव लिहायचे नाही असे तुम्ही बजावले आहे, म्हणून नुसते ताई.

अन्ननलिकेतील गाठीमुळे बाबांना पाण्याचा घोटही उतरेनासा झाला, तेव्हा आधीच्या एका डॉक्टरांनी संगणकावरची नजर न काढता 'आता त्यांना हवे ते खाऊ घाला' असे सांगितले होते. गिळता न येणाऱ्या माणसाला! अमेरिकेतल्या ज्या बफेलोत 1970च्या दशकात संशोधक थॉमस डॉहर्टी यांनी हा प्रकाशोपचार, म्हणजे आधी औषध देऊन मग गाठीवर प्रकाश पाडण्याचा उपचार, घडवला, त्याच शहरात राहून त्याचे नावही आम्हांला तुमच्या विभागात येईपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

शिरेतून औषध देऊन दोन दिवस झाले होते. लेझरचा प्रकाश गाठीपर्यंत नेणाऱ्या बारीक तंतूच्या, म्हणजे फायबरच्या, टोकातून किती प्रकाश निघतो हे तुम्ही मोजत होता आणि बाबा चाकाच्या खुर्चीतून टक लावून पाहत होते. "फार वाकवू नका, उजेड गळतो," असे ते पुटपुटले. त्यांनी दूरसंचार खात्यात 22 वर्षे फायबर जोडण्यात घालवली, हे तुम्हांला कुठे माहीत होते? तरीही तुम्ही थांबलात, "बरोबर आहे, काका," म्हणालात आणि त्यांच्या नोकरीची चौकशी केलीत. एवढ्या वर्षांत आपण फायबरमधला उजेड कधी पाहिलाच नाही, असे ते म्हणाले. फायबर कुठे तुटले आहे ते शोधायचे लाल उजेडाचे पेन सोडले, तर ते खरेच आहे. लोकांचे बोलणे वाहून नेणारा 1310 किंवा 1550 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

तेव्हा तुम्ही लेझरची शक्ती अगदी कमी करून फायबरचे टोक एका कागदी कपात धरलेत. 630 नॅनोमीटरच्या उजेडाने तो पांढरा कप आतून डाळिंबासारखा लाल झाला. बाबांनी हात पुढे केला, पण औषध त्यांच्या त्वचेतही भिनलेले असल्याने तुम्ही तो हळूच मागे सारलात आणि कप स्वतःच्याच हातात धरून ठेवलात. तोच उजेड पुढे 750 सेकंद गाठीवर पडला आणि तिच्यात साठलेले औषध त्याने जागे केले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र अजून तो कपच आहे. हुशार माणसे आम्हांला इस्पितळांत पुष्कळ भेटली, पण रुग्णालाही काही कळत असेल असे धरून चालणारी विरळाच.

गाठ समूळ जाणार नाही, हे तुम्ही आधीच स्पष्ट केले होते. तरी गेल्या आठवड्यापासून बाबा मऊ वरणभात खातात, आणि तो अळणी असल्याची तक्रारही करतात. महिनाभर उन्हात जायचे नाही, पण मिट्ट काळोखातही बसायचे नाही, कारण घरातल्या मंद उजेडाने त्वचेतले औषध हळूहळू उतरते, ही तुमची सूचना ते आल्यागेल्याला पढवत असतात.

त्यांचा एक निरोप आहे. प्रकाश टोकातून सरळ न जाता चहूबाजूंनी पसरावा म्हणून त्या फायबरला नेमके काय करतात, हे विचारायचे राहून गेले; पुढच्या भेटीत सवडीने सांगावे.

तुमचा ऋणी,
काकांचा मुलगा