माई, तुम्ही हात लावला नाहीत म्हणून

म्हार्दोळ, 28 डिसेंबर 2025

माई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरो गो" म्हणता आणि परसात निघून जाता. इथून तुम्हाला उठून जाता यायचं नाही.

यंदा नवऱ्याला कुंडईच्या कारखान्यातून रजा मिळेना, म्हणून साताऱ्याला न जाता गणपती या भाड्याच्या घरातच बसवायचं ठरलं. मखर ऑनलाइन मागवलं. आलं तेव्हा दोन खांब मोडलेले, आणि उरलेल्या दोघांची सोनेरी चमकी बोटाला लागत होती. चवथ 27 ऑगस्टची, हातात चार दिवस, बाहेर पावसाची झड. ते खोकं घेऊन मी शेजारी तुमच्या सोप्यावर आले तेव्हा मनात एकच होतं, की तुम्ही म्हणाल, ठेव, मी बघते. तुम्ही खोक्यात डोकावलात आणि विचारलंत, "माटोळी कोण बांधणार?"

आमच्या घाटावर गणपतीसमोर पाच फळं मांडतात. गोव्यात त्याच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे चौकटीला बांधलेलं अख्खं रान टांगतात, हे मी ऐकून होते. ते आपण टांगायचं असतं हे त्या दिवशी कळलं. चौकट तुमच्या माळ्यावरची, छताला कड्या आधीच होत्या. तुम्ही मला फोंड्याच्या बाजारात नेलंत. भाजीवाली समोर ज्याला फागलां म्हणत होती ती आमची करटुली निघाली, एवढं एकच ओळखीचं. बाकी लालभडक कवंडळं, आंबाड्यांचे घोस, पांढऱ्या पानांची शेरवडं, सुपारीचा घड, आणि हलवलं की खुळखुळणाऱ्या घागऱ्या. प्रत्येक वस्तू तुम्ही माझ्या हातात देऊन नाव म्हणायला लावलंत. घागऱ्यांची जुडी मुलीनं घरी येईपर्यंत वाजवून वाजवून निम्मी केली, ते वेगळं.

रात्री बांधायला बसलो. बसलो कसलं, मी बसले. तुम्ही खुर्चीत होतात. कुमया या रानझाडाच्या सालीचे दोर पाण्यात भिजवून मऊ करून घेतलेले. मी पहिलं तवसं, म्हणजे काकडी, बांधलं, तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "सोड. परतून बांद." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही हात पुढे केलात तो फक्त चहाचा कप घ्यायला. चौथ्या वेळी तुम्ही काहीच बोलला नाहीत, तेव्हा मी ते तवसं सोडून दिलं आणि ते लटकलं. त्याआधीची तिन्ही खालच्या गादीवर पडली होती. गादी तुम्हीच आधी अंथरायला सांगितली होती, याचा अर्थ मला तोवर लागला नव्हता.

जड ते आधी आणि कडीच्या दोराजवळ, हलकं मागाहून आणि मधे, एका बाजूला नारळ आला की समोर त्याच वजनाचं काहीतरी. एवढंच शास्त्र. मला सगळं नैसर्गिकच हवं होतं, छताला बांधायचे चार दोरसुद्धा सालीचेच. त्यावर तुम्ही घरातला नायलॉनचा दोर काढून दिलात. "देवाक दोर दिसना," म्हणालात, "नाल्ल पडलो जाल्यार दिसतलो." नाल्ल म्हणजे नारळ. पर्यावरणावर मी तयार ठेवलेलं भाषण तिथंच गिळलं. मोडक्या मखराच्या जागी तुमची जुनी हिरवी नऊवारी मागे ताणून लावली आणि तिला टाचणीनं आंब्याची पानं टोचली. गणपती बसला, तेव्हा वर आंबाडे आणि सुपारीचा वास भरून राहिला होता. नवरा आरतीत सारखा वर बघत होता. भक्तीनं नव्हे, नारळ पडेल या भीतीनं. पाचही दिवस एक सुपारी पडली नाही.

दिवाळीचा कंदील मग मी स्वतःहून विचारला. इथं दहा काड्या आणि पाच खुंट्या. बांबूच्या दीड-दोन हात लांबीच्या, बोटाएवढ्या रुंद दहा काड्या कोयतीनं तासायच्या. पाच काड्यांची एक पंचकोनी चांदणी, अशा दोन, दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं सुतळीनं आवळायची. मग आतल्या बाजूला जिथं काड्या एकमेकींना ओलांडतात, तिथं दोन्ही चांदण्यांच्या मधे वीतभर खुंटी घुसवायची. पाचवी खुंटी बसली की सपाट सापळा एकदम फुगतो. तो क्षण मुलीनं पाचवेळा करायला लावला, म्हणजे खुंट्या काढायच्या आणि पुन्हा घुसवायच्या. खळ मैद्याची, पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत हलवलेली. झुरळं लागू नयेत म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालायचे, पण ते विष आहे आणि घरात सात वर्षांचं पोर आहे, म्हणून तुम्ही डबी दाखवलीत आणि परत वर ठेवलीत.

पतंगी कागद पहिल्यांदा मी ओल्या खळीवर ओढला आणि टराटर फाडला. तुम्ही हसलात. कागद आधी सैल टेकवायचा, वाळला की आपसूक ताणतो. आत पणती ठेवू का म्हटलं, तर तुमचं उत्तर ठरलेलं होतं: लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तुमचा कंदील पणतीनं पेटून पडवीच्या वाशापर्यंत गेला होता. तेव्हापासून बल्ब, आता एलईडी. आजीबाईनं एलईडीचं कौतुक करावं याची मला गंमत वाटली होती. वाशावरचा काळा डाग दाखवलात तेव्हा थांबली.

तोच सापळा डिसेंबरात पुन्हा उतरवला. भगवा कागद काढून पांढरा चिकटवला आणि पलीकडच्या घरी नाताळचा तारा म्हणून दिला. त्यांच्या मुलांनी गोठ्यासाठी ताटलीत नाचणी पेरली होती. दोन आठवड्यांत बोटभर हिरवळ, तीत मातीची मेंढरं. आमची मुलगी रोज तिला पाणी घालायला जायची, आणि घालून घालून तिनं एक मेंढरू विरघळवलं. ते मेंढरू तिनंच नव्यानं केलं, ओबडधोबड, कान मोठे. करताना मी शेजारी बसले होते. हात शिवशिवत होते, एक चिमटा काढला असता तर कान नीट झाले असते.

मी हात मांडीखाली घेतले, माई. यासाठी आभार.

कुमयाचे उरलेले दोर वाळवून वेटोळं करून ठेवलेत. तुमची कोयती अजून माझ्याकडेच आहे. धार लावून संक्रांतीच्या आधी आणून देते.

तुमच्या शेजारची,
घाटावरची सून