कदाचित पुढच्या वर्षी मी नसेन

चि. पिल्लूस,

अनेक आशीर्वाद.

आपल्या घरावर तू लिहिलेली गोष्ट आत्यापर्यंत पोचली. कळलं कसं, तर ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडली. तुझे बाबा म्हणाले, "आमच्या घराण्यात मेल्याशिवाय कुणी ग्रुप सोडत नाही." खरं तर मेल्यावरही सोडत नाहीत. आजोबांचा नंबर नऊ वर्षांनंतरही ग्रुपमध्ये आहे. त्यांचा फोन आत्याकडे असतो आणि ती तो नेमाने चार्ज करून चालू ठेवते. म्हणजे बाहेर पडली तरी आजोबांच्या फोनवरून ती आमचं सगळं वाचत असणारच.

गोष्ट काढून टाकू का, असं तू विचारलंस तेव्हा मी "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. जे सांगायचं होतं ते फोनवर बोलता आलं नसतं.

आधी हे की मी हसले, तीन वेळा. आजोबांचं सणाच्या दिवशीचं भाषण तू हुबेहूब उतरवलंयस. दोन्ही हातांवर जोर देऊन त्या वेताच्या खुर्चीतून उठणं, खाकरणं, जो आला नसेल त्याचा उद्धार, आणि शेवटी ते वाक्य: "कदाचित पुढच्या वर्षी मी नसेन." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ते ६१ वर्षांचे होते आणि मी नवी सून. मला रडू आलं. बाकी कुणी का रडत नाही, हे कळायला मला चार वर्षं लागली. पुढे तर मुलं त्यांच्याबरोबर एका सुरात म्हणायला लागली, आणि तेही "कदाचित" म्हणून मुद्दाम थांबायचे, मुलांना सूर धरू द्यायला. अशी २२ वर्षं गेली. स्वतःच्या मरणाचा हप्ता इतका वेळेवर भरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तेविसाव्या वर्षी ते म्हणाले, "पुढच्या वर्षी भेटूच," आणि खाली बसले. अकराव्या दिवशी गेले.

पुढच्या सणाला काका भीत भीत उठला आणि आजोबांचं वाक्य म्हणाला. हिशेब सरळ होता. म्हणत होते तोवर जगले, म्हटलं नाही तेव्हा गेले. मग आत्या उठली, मग बाबा, मग रांगच लागली. आता १९ माणसं ओळीने आपापलं मरण जाहीर करतात आणि निर्धास्तपणे जेवायला बसतात. काकाचा चार वर्षांचा नातू "पुलच्या वल्षी मी नशेन" म्हणाला तेव्हा टाळ्या पडल्या. ‘शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण आमच्या घरी कौतुकाने वापरायला हरकत नाही.

नव्या जावयाचा प्रसंग मात्र तू दोन ओळींत उरकलास. त्याच्यावर आणखी लिही. तो बिचारा जाऊन आजोबांच्या खुर्चीत बसला, सगळ्यांनी एकदम श्वास रोखला, आणि कुणीही त्याला कारण सांगितलं नाही. पँट उसवली असणार या समजुतीने तो दिवसभर भिंतीला पाठ लावून फिरला. अजूनही आपल्याकडे येताना लांब कुर्ता घालतो.

आत्याचं म्हणणं तुला कळलंच असेल. मेलेल्या माणसाची आणि सणाची असली थट्टा कोणत्या घरात करतात? तो प्रश्न मी मनावर घेतला आणि चार दिवस वाचत बसले. घरं भरपूर निघाली. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण असतो. तेव्हा तिथे जिवंत माणसांवर, ती मेली आहेत असं समजून, टवाळ कविता लिहितात. मास्तर, साहेब, मंत्री, कुणीही सुटत नाही. शिवाय साखरेच्या कवटीवर हयात माणसाचं नाव घालून ती त्यालाच भेट देतात. अशा कवितांच्या पत्रकांवर नटलेले सांगाडे छापणारा होसे ग्वादालुपे पोसादा १९१३ मध्ये वारला, त्याचे सांगाडे मात्र अजून प्रत्येक सणाला हजर असतात. हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग मेक्सिकोत जाऊन राहा."

काकाच्या सुनेची तक्रार वेगळी. पोरं घाबरतात म्हणे. तिला मी आइसलंड सांगितलं. तिथे नाताळात तेरा खोडकर भाऊ एकेका रात्री घरात शिरतात. कुणी चमचे चाटतो, कुणी दारं आपटतो. त्यांची आई मुलं शिजवून खाणारी राक्षसीण. घरचं मांजरही असं की सणाला नवा कपडा न मिळालेल्याला फस्त करतं. पोरं इतकी भेदरायची की १७४६ मध्ये या भावांची भीती मुलांना घालू नये असं सरकारी फर्मान निघालं. फर्मान विसरलं गेलं, भाऊ टिकले. सून म्हणाली, "बघा, सरकारचंही माझ्यासारखंच मत होतं." यावर मला उत्तर सुचलं नाही.

पण मला सगळ्यात आपलासा वाटला तो स्वीडनमधल्या येव्हले गावचा बोकड. १९६६ मध्ये तिथल्या लोकांनी नाताळसाठी चौकात १३ मीटर उंचीचा गवताचा बोकड उभारला आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री कुणीतरी तो पेटवला. तेव्हापासून एक गट दर वर्षी उभारतो आणि दुसरा बरेचदा जाळतो. पहारे बसवले, कॅमेरे लावले, गवताला आग न धरणारी द्रव्यं फासली. २०१६ मध्ये बोकडाची पन्नाशी होती, तर उद्घाटनाच्याच दिवशी राख. २००१ मध्ये एका अमेरिकन पाहुण्याने तो जाळला आणि पकडला गेल्यावर सांगितलं, मला वाटलं ही इथली रीतच आहे, कायद्याला मान्य असलेली. अठरा दिवस तुरुंगात काढले त्याने. आपल्या जावयाचा थोरला भाऊ शोभेल. २०२३ मध्ये कुणी जाळला नाही, पण गवतात दाणे राहिले होते, ते कावळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांनी टिपून टिपून बोकडाची सालं काढली. आता त्या गावची परंपरा नक्की कोणती, बोकड उभारणं की जाळणं? आपल्या घरची तरी कोणती? त्या २२ भाषणांतलं एकही मला धड आठवत नाही. जे चुकलं तेवढंच आपण दर वर्षी करतो.

बाबांनी त्यांच्या परीने शास्त्र आणलं. अमेरिकेत २०१२ मध्ये सँडी वादळ आलं, तेव्हा संशोधकांनी त्यावरचे विनोद लोकांना वेगवेगळ्या दिवशी वाचायला दिले. वादळानंतर लगेच ते कुणाला रुचेनात, ३६ दिवसांनी सगळ्यात जास्त हसू आलं, आणि ९९ दिवसांनी विनोद शिळे झाले. बाबा म्हणाले, "आपली तर नऊ वर्षं झाली, आता काय हरकत आहे?" पण वादळाचा पंचनामा त्याच आठवड्यात होतो. आपला अजून व्हायचाय.

तुझ्या गोष्टीत काका आजोबांना कोपऱ्यात घेऊन सांगतो की यंदा ते अभद्र वाक्य नको. तुला घरात असंच ऐकायला मिळालं असणार, आणि काकाने ते कधी नाकारलंही नाही. पण सांगणारा काका नव्हता. मी होते.

त्याच वर्षी माझी आई गेली होती. भाषणाच्या आधी मी आजोबांना दारापाशी गाठलं आणि म्हटलं, "बाबा, यंदा ते नका ना म्हणू, माझ्याच्याने ऐकवणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "नाही म्हणत." दोन पावलं गेले आणि परत आले. चेहरा अगदी काळजीत. "पण मग शेवट कसा करू?"

मी म्हटलं, "म्हणा, पुढच्या वर्षी भेटूच."

त्यांचं शेवटचं वाक्य माझं आहे, पिल्लू. एका वाक्याने हृदय बंद पडत नाही हे मला डॉक्टरांइतकंच कळतं. तरीही त्या रांगेत उभी राहते तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा असतो, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

काका तिथेच उभा होता. बाराव्या दिवशी आत्याने रडत विचारलं, "बाबांना गप्प कुणी केलं?" तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. काका म्हणाला, "मी." तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलते. तुझ्या विनोदावर ती चिडलेली नाही. भावाचा गुन्हा तिला आता छापील मिळालाय.

तेव्हा गोष्ट काढू नकोस. काकाला काढ आणि तिथे मला घाल. "शेवट कसा करू" हे जसंच्या तसं घे. आणि तुझा शेवट बदल. तू आजोबांच्या रिकाम्या खुर्चीवर ऊन पाडलंयस. ऊन पडलं की ते खुर्ची सरकवायचे आणि कुरकुरायचे.

सणाला ये. रांगेत माझ्यामागे उभी राहा.

तुझी,
आई

ता. क. वरचं लिहून झाल्यावर काल मी आत्याला फोन करून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि काही न बोलता फोन ठेवला. रात्री साडेअकराला ग्रुपवर आजोबांच्या नंबरवरून मेसेज आला: "खुर्ची वेताची नाही, सागवानी आहे. बाकी ठीक." काकाच्या हातून मोबाइल पडला. काच गेली.