ट्रॅक्टर न अडखळता चालू लागला, त्याबद्दल

प्रिय दादा,

वयाने मी तुमच्याहून बरीच मोठी. पण क्लासातली सगळी मुलं तुम्हाला दादा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. मे महिन्यात गावी आल्यावर आराम करायचा सोडून तुम्ही आमच्या कॉम्प्युटर क्लासात येऊन बसलात, त्याचे आभार फोनवर मानलेच होते. तेवढ्याने समाधान झालं नाही. शिवाय तालुक्याच्या गावांत असे क्लास चालवणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. तुम्ही नेमकं काय केलंत ते त्यांच्याही कानावर जावं, म्हणून हे उघड पत्र.

मुलांना स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा, येत होतं. पायगेम, म्हणजे पायथन भाषेत खेळ बनवायचं साधन, सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी उभी जागा सांगणारा य वाढवला तर मुलांच्या खेळातला उसाचा ट्रॅक्टर वर जायच्या ऐवजी खाली गेला. स्क्रॅचमध्ये शून्य मधोमध, इथे डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात, आणि य खाली वाढत जातो. हे त्यांना लगेच पटलं. खेळाचा प्रोग्राम त्याच त्या आज्ञांच्या फेऱ्या मारत चालतो, आणि दर फेरीला पडदा पुन्हा रंगवला नाही तर जुनी चित्रं तशीच राहतात, हेही. (ट्रॅक्टरमागे लागलेली ट्रॅक्टरांची रांग दोघांना इतकी आवडली की कारखान्याच्या गेटाबाहेरची रांग म्हणून त्यांनी ती पुसलीच नाही.)

घोडं अडलं ते चालण्यात. बाण दाबला की ट्रॅक्टर एकदा सरकायचा आणि थांबायचा. बोट दाबून धरलं तरी ढिम्म. एकाने कुठून तरी 'सेट रिपीट' (दाबून धरलेलं बटण पुन्हा पुन्हा दाबल्यासारखं मोजणारी आज्ञा) शोधून आणलं. मग ट्रॅक्टर एकदा सरकायचा, क्षणभर अडायचा आणि नंतर सुसाट. चालतोय ना, मग पुढचं बघू, असं कुठल्याही क्लासात म्हणाले असते. तुम्ही नोटपॅड उघडलंत आणि एका मुलीला 'क' दाबून धरायला सांगितलंत. एक क उमटला, जरा थांबला, मग ककककक अशी ओळ धावली. "आता क न सोडता म दाबून धर." क थांबला, म सुरू झाला. "लिहिताना हे बरोबर आहे?" सगळे हो म्हणाले. "आणि ट्रॅक्टर चालवताना?"

त्यानंतर फळ्यावर दोन रकाने आखलेत. बटण दाबलं गेल्याची वर्दी एकदाच येते. उडी मारायला, हॉर्न वाजवायला, खेळ थांबवायला तीच हवी. चालण्यासाठी मात्र दर फेरीला आपणच विचारायचं, की आत्ता कोणकोणती बटणं खाली आहेत? ते काम 'गेट प्रेस्ड' करतं. चार बाणांसाठी चार स्वतंत्र 'इफ' (जर) लिहायचे. 'एलिफ'ने (नाहीतर जर) जोडले तर एका वेळी एकच दिशा मिळते आणि तिरकं जाता येत नाही. बहुतेक ठिकाणी मुलांना फक्त कोड उतरवून देतात. हे दोन रकाने कुणी आखून दाखवत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

तिरकं जाता आलं तर ट्रॅक्टर तिरका जास्त जोरात पळतोय, हे एका पोरीच्या लक्षात आलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, फळ्यावर काटकोन त्रिकोण काढलात. उजवीकडे ५, वर ५, मग कर्ण किती? दहावीची मुलं ओरडली, पायथागोरस! ७ च्या थोडं वर. म्हणजे तिरक्या चालीला दोन्ही आकडे साधारण ०.७ ने गुणायचे. प्रमेयाचा असा रोख उपयोग मी तरी क्लासात प्रथमच पाहिला.

नव्या मशिनवर ट्रॅक्टर पळायचा आणि कोपऱ्यातल्या जुन्या खोक्यावर रांगायचा. त्यावर उपाय म्हणजे वेग सेकंदात मोजायचा, आणि मागच्या फेरीपासून 'क्लॉक'ने मोजलेल्या वेळाने तो गुणायचा. सेकंदाला २०० पिक्सेल आणि फेरी १६ मिलिसेकंदांची, तर सरकायचं ३.२. इथे खरी गंमत झाली. ट्रॅक्टर डावीकडे जोरात, उजवीकडे हळू! पायगेमचा 'रेक्ट', म्हणजे चित्राची जागा ठेवणारा चौकोन, अपूर्णांक ठेवत नाही. १०० मध्ये ३.२ मिळवले तर १०३ उरतात, वजा केले तर ९६.८ चे ९६ होतात. एकीकडे ३, दुसरीकडे ४. जागा वेगळ्या चलात अपूर्णांकासकट ठेवायची आणि चित्र काढतानाच रेक्टला द्यायची, हे मुलांनी वहीत हिशेब मांडून स्वतः शोधलं. तुम्ही खिडकीपाशी चहा पीत उभे होतात. उत्तर माहीत असून गप्प बसणं मला अजून जमत नाही.

आणि तो की-बोर्ड! डावा आणि वरचा बाण दाबलेला असताना स्पेसबारने हॉर्न वाजेना. सगळे कोड तपासत बसले. तुम्ही दुसऱ्या कंपनीचा की-बोर्ड जोडलात आणि हॉर्न वाजला. स्वस्त की-बोर्डात बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात, तीन बटणं ठरावीक जागी एकदम दाबली तर एखादं त्याला ओळखताच येत नाही, हे तुम्ही चित्र काढून सांगितलंत. तेव्हापासून मुलं काहीही बिघडलं तरी आधी की-बोर्डवर संशय घेतात, हा तुमच्या शिकवण्याचा दुष्परिणाम.

तुम्ही एकदाही कुणाचा माउस हातात घेतला नाहीत, कुणाची ओळ स्वतः लिहून दिली नाहीत. त्याबद्दल सगळ्यात जास्त आभार. पायगेम पीट शिनर्स यांनी २००० साली सुरू केलं आणि ते अजून सगळ्यांना फुकट मिळतं, हे तुमच्याकडूनच कळलं. त्यांचेही आभार मानायला मुलांनी सांगितलंय.

आता ट्रॅक्टर बोट उचलल्याबरोबर जागच्या जागी थांबतो, ते पोरांना खोटं वाटतं. भरलेली ट्रॉली अशी थांबत नाही, म्हणतात. वेग दर फेरीला थोडा थोडा कमी करून बघितला; आता तो बांध ओलांडून विहिरीत जातो. दिवाळीत याल तेव्हा एवढं बघा. फोन करून या, म्हणजे एक बरा की-बोर्ड मागवून ठेवते.

तुमची,
क्लासवाल्या मॅडम